कुवारबावचं बंदर

आमच्या घरात रेल्वे स्टेशनला बंदर म्हणतात. म्हणजे आजी म्हणायची, आणि तिचं ऐकून ऐकून आम्हा सगळ्यांच्याच तोंडात बसलं. "बंदरावर आणायला कोण जातंय?" असं बाबा अजून विचारतात, गाडीची चावी घेतात आणि निघतात ते कुवारबावला, रत्नागिरी स्टेशनवर. समुद्रापासून चांगलं सहा-सात किलोमीटर आत, वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जिथून समुद्र दिसत पण नाही. आजी जाऊन बरीच वर्षं झाली पण शब्द राहिला. मला तो शब्द फार बरोबर वाटतो, आणि का वाटतो ते कधीतरी लिहायचंच होतं.

तर पहिल्यांदा बोटीचं सांगते, कारण आजीच्या डोक्यात मुंबईला जायचं म्हणजे बोटच. आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून निघायची आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायची. रत्नागिरीला बोट थेट धक्क्याला लागायची नाही, ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि मग पडावात, म्हणजे लहान होडीत बसून माणसं तिच्यापर्यंत जायची. पडाव लाटांवर खालीवर होतोय, बोटीची शिडी एकदा हाताला येतेय एकदा लांब जातेय, आणि अशात लहान मूल, ट्रंक, वळकटी, फणस असं सगळं एकेक करून वर द्यायचं. आजी लग्नानंतर पहिल्यांदा गिरगावात गेली ती अशी. ती सांगायची की मांडवीच्या बंदरावर निरोप द्यायला आलेली माणसं बोट ठिपक्याएवढी होईपर्यंत हलायची नाहीत. आणि पावसाळ्यात बोट बंद. जून लागायच्या आत शेवटची बोट, मग पाऊस सरेपर्यंत समुद्राची वाट मिटली ती मिटलीच.

म्हणजे बघा, ऐन गणपतीत बोटीचा भरवसाच नाही. मग काय करायचं, तर मुंबईहून रेल्वेने कोल्हापूरला यायचं आणि तिथून मोटारीने आंबा घाट उतरून रत्नागिरी. कोल्हापूरला रेल्वे १८९१ सालीच आली. आमच्या गावाचं स्टेशन कित्येक वर्षं कोल्हापूरच होतं म्हणा ना, सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब आणि मध्ये अख्खा सह्याद्री. पुढे रस्ते झाले, एसटी आली आणि बोटी हळूहळू बंदच पडल्या. आमच्या बाबांची पिढी ही एसटीवाली. संध्याकाळी मुंबईतून लाल डब्यात बसायचं, कशेडी घाटात पोटातलं सगळं ढवळून निघायचं आणि सकाळी अंग आंबलेलं घेऊन उतरायचं. बाबा मुंबईत नोकरीला होते तेव्हा वर्षातून दोनदाच यायचे, गणपतीला आणि मेमध्ये. शिमग्याला यायची फार इच्छा असायची पण एवढ्या प्रवासाला दोन दिवसांची रजा पुरायची नाही.

कोकणात रेल्वे हवी ही मागणी मात्र जुनी. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्यभर पाठपुरावा केला, बॅरिस्टर नाथ पै राजापूरचे खासदार असताना लोकसभेत बोलत राहिले, आणि त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून मधू दंडवते निवडून आले. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. (सेकंड क्लास स्लीपरच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्याच काळात, रात्रभर प्रवास करणाऱ्याला विचारा त्याची किंमत.) त्यांच्याच वेळी आपट्याहून रोह्यापर्यंतच्या लाइनला हात घातला गेला. १९८६ ला गाडी रोह्याला पोचली आणि थांबली. रोह्याच्या पुढे डोंगर, खाड्या, नद्या आणि कोण पैसे देणार हा प्रश्न.

तो प्रश्न सुटला १९९० मध्ये. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, दोघंही कोकण किनाऱ्याला जवळचे. फर्नांडिस मूळचे मंगळूरचे, म्हणजे लाइनच्या एका टोकाचा माणूस रेल्वेत आणि मधल्या भागाचा खासदार तिजोरीवर. रेल्वेच्या नेहमीच्या बजेटमधून हे काम पिढ्यान्‌पिढ्या झालं नसतं म्हणून वेगळी कंपनीच काढली, कोकण रेल्वे कॉर्पोरेशन. १९ जुलै १९९० ला नोंदणी, ऑफिस बेलापूरला, आणि प्रमुख म्हणून ई. श्रीधरन. भांडवलात रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे ६-६, आणि बाकी पैसा बाजारातून बाँड काढून उभा केला. १५ सप्टेंबर १९९० ला रोह्याला पायाभरणी झाली आणि काम दोन्ही टोकांकडून सुरू झालं. दक्षिणेकडे मंगळूर-उडुपी १९९३ च्या मार्चमध्ये चालू झालं, इकडे त्याच वर्षी रोहा ते वीर, मग १९९५ ला खेड, आणि १९९६ च्या डिसेंबरात खेडहून थेट सावंतवाडी रोडपर्यंत. आमची रत्नागिरी या टप्प्यातली. पूर्ण लाइन जोडली जायला २६ जानेवारी १९९८ उजाडलं, कारण गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात ओली मऊ माती होती आणि ती खणली की परत खाली यायची.

मी तेव्हा शाळेत होते. गाडी सुरू झाली त्या दिवसांत आख्खी रत्नागिरी कुवारबावला लोटायची, कुठे जायचं नसलं तरी. आजोबांनी आम्हाला नेलं होतं. इंजिनाला हार, नारळ, कुंकू, बायका लांबून हात जोडतायत, आणि आजोबा गप्प उभे. त्यांनी घरी आल्यावर एवढंच सांगितलं की माझा बाप ही गाडी बघायला हवा होता. आजी मात्र गाडी बघून खूश झाली नाही पहिल्यांदा. तिचं म्हणणं, बंदर गावात असतं, हे काय रानात नेऊन ठेवलंय.

आणि हा प्रश्न आजही प्रत्येक पाहुणा विचारतो, स्टेशन एवढं लांब का? उत्तर मला खूप वर्षांनी नीट कळलं. ही लाइन ताशी १६० किलोमीटर वेगाचा विचार करून आखलेली आहे. म्हणजे चढ फार नको, १५० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर, त्याहून जास्त नाही. वळणं पण मोठी, सव्वा किलोमीटर त्रिज्येची. आता आमच्याकडची जमीन बघा, वर जांभ्याचा सपाट सडा, एकदम खाली उतार, खाली खाडी किंवा वहाळ, की लगेच समोर दुसरा सडा. इतक्या सौम्य चढाने गाडी समुद्राकाठच्या गावात उतरवायची आणि परत वर चढवायची तर लाइन कुठच्या कुठे फिरवत न्यावी लागली असती. शिवाय किनाऱ्याजवळ खाड्या रुंद, आत त्या अरुंद होतात, तिथे पूल छोटा होतो. म्हणून लाइन आतून गेली, आणि चिपळूण, कणकवली सोडली तर बरीच गावं तिच्यापासून लांब राहिली. गावाला वळसा नाही घातला म्हणून तर मुंबई जवळ आली, हे मी आजीला सांगू शकले असते तर बरं झालं असतं.

सरळ जायचं म्हणजे डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल. ७४१ किलोमीटरमध्ये ९१ बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल. आणि त्यातल्या दोन सगळ्यात भारी गोष्टी आमच्या स्टेशनच्या दोन बाजूंना आहेत, याचा मला खरंच अभिमान आहे. मुंबईकडून येताना उक्षी स्टेशन सोडलं की भोके स्टेशनच्या आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर लांब. कित्येक वर्षं तो देशातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा होता, काश्मीरमधला पीर पंजाल २०१३ ला झाला तोपर्यंत. लहानपणी आम्ही त्यात शिरलं की आकडे मोजायचो आणि कधीच शेवटापर्यंत मोजून व्हायचे नाहीत. डिझेलच्या दिवसांत खिडक्या खाली ओढायची एकच घाई व्हायची, धूर आत भरायचा, डोळे चुरचुरायचे. आता इलेक्ट्रिक इंजिन आल्यापासून तो त्रास गेला. मार्च २०२२ पर्यंत आख्ख्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, आणि बोगद्यातून जाताना नाकाला जाणवलेला बदल माझ्यासाठी त्यातला सगळ्यात मोठा.

दुसरी गोष्ट रत्नागिरी सोडून निवसरकडे निघालं की लगेच, पानवल नदीवरचा पूल. लांबी ४२४ मीटर आणि उंची ६४ मीटर. गाडीतून बघितलं तर काही कळतच नाही, नुसती पायाखालची जमीन नाहीशी होते आणि झाडांचे शेंडे खूप खाली दिसतात. खरा तो खालून बघावा. एकदा मी आणि माझा मामेभाऊ खाली नदीपर्यंत गेलो होतो, मान पार मागे टाकली तरी वरची गाडी खेळण्यातल्यासारखी दिसत होती. इतक्या उंचीवर खालून आधार उभे करून पूल ओतणं फार कठीण, म्हणून एका टोकाला तुकडा ओतायचा, जॅकने पुढे ढकलायचा, मागे दुसरा तुकडा ओतायचा, परत ढकलायचं, असं करत करत पूर्ण पूल खांबांवरून सरकवत पलीकडे नेला. भारतात हे तंत्र पहिल्यांदा वापरलं ते इथे.

हे सगळं फुकटात झालं नाही. बांधकामात सत्तरहून जास्त माणसं गेली, बरीचशी बोगद्यांमध्ये. त्यांचं श्रमशक्ती स्मारक आमच्या रत्नागिरी स्टेशनवर आहे. गाडी पकडायच्या गडबडीत तिकडे कोणाचं लक्ष जात नाही, मी पण कितीतरी वर्षं नुसतीच पुढे जायचे. आता वेळ हातात असला की दोन मिनिटं थांबते.

बरं, आता गाड्यांबद्दल. रत्नागिरी हे मोठं स्टेशन, कोकण रेल्वेचे दोन विभाग आहेत त्यातल्या एकाचं मुख्यालय इथे, दुसरं कारवारला. त्यामुळे राजधानीपासून पॅसेंजरपर्यंत भरपूर काही इथे थांबतं. पण घराघरात ज्या गाड्यांची नावं माणसांसारखी घेतली जातात त्या वेगळ्या. कोकणकन्या, रात्री मुंबईहून निघते आणि पहाटे इथे. माझ्या कॉलेजच्या आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांची ही गाडी, शुक्रवारी रात्री चढायचं, अंधारातच रत्नागिरी, घरी पोचेपर्यंत आईचा चहा झालेला. मांडवी दिवसाची, सकाळी मुंबई सोडते. ज्याला खिडकीतून कोकण बघायचंय आणि पॅन्ट्रीचं गरम गरम खात जायचंय त्याने मांडवीनेच यावं, त्या गाडीच्या खाण्याचं नाव उगाच नाही झालेलं. जनशताब्दी ज्यांना दिवसा पण लवकर पोचायचंय त्यांची. नेत्रावती, मत्स्यगंधा या लांबच्या, केरळ-कर्नाटकात जाणाऱ्या, तिकीट मिळालं तर मिळालं. आणि तुतारी. दादर-सावंतवाडी राज्यराणीचं नाव २०१७ मध्ये तुतारी केलं ते केशवसुतांच्या कवितेवरून, आणि केशवसुत आमच्या मालगुंडचे, त्यामुळे अनाउन्समेंटमध्ये ते नाव ऐकलं की मला अजून बरं वाटतं.

२०२३ च्या २७ जूनपासून वंदे भारत पण आहे. पहाटे सीएसएमटीहून निघाली की सकाळी दहाच्या आत रत्नागिरी. आजीच्या बोटीचा एक दिवस आणि बाबांच्या एसटीची एक रात्र, तिथे आता साडेचार तासांच्या आत. तिकीट महाग आहे, ते सगळ्यांना परवडत नाही. तसंही कोकण रेल्वेवर भाडं लावताना अंतर ४० टक्के वाढवून धरतात, बांधकामाचा खर्च वसूल व्हावा म्हणून सुरुवातीपासून ठेवलेली पद्धत ती. आता कंपनी भारतीय रेल्वेत विलीन करायची चर्चा आहे आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राने पण संमती दिली, तेव्हा या वाढीव अंतराचं काय होणार याकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष आहे.

पण मला मनापासून बोलायचंय ते पॅसेंजरबद्दल. रत्नागिरी-दादर पॅसेंजर ही गरिबाची गाडी. रिझर्व्हेशन नको, जवळजवळ प्रत्येक स्टेशनला थांबणार, आरवली, कडवई, संगमेश्वर, सगळ्यांना पोटात घेत जाणार. कोरोनानंतर ती दादरपर्यंत जायची बंद झाली, आता ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनलाच संपते. ऐकायला छोटी गोष्ट वाटते. पण डोक्यावर तांदळाचं पोतं, एका हातात आंब्याची पेटी, दुसऱ्या हातात नातवंड अशा बाईला दिव्याला उतरून जिने चढून लोकलच्या गर्दीत शिरायला सांगणं म्हणजे काय ते प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघावं. माझी आत्या ६८ वर्षांची आहे, ती दिव्याचा जिना नको म्हणून आता एसटीने जाते, परत त्याच रस्त्याने. ती गाडी दादरला परत जायला हवी. मुंबईत जागा नाही, प्लॅटफॉर्म मोकळे नाहीत हे सगळं मान्य, तरी हवी.

दुसरं दुखणं सिंगल लाइनचं. रोहा ते वीर दुहेरी लाइन २०२१ ला झाली, त्याच्या पुढे एकच. म्हणून क्रॉसिंग. कोकणात जाणाऱ्या पोराला क्रॉसिंग हा शब्द आईबाबांच्या पाठोपाठच कळत असेल. गाडी रानात एका छोट्या स्टेशनात साइडला टाकतात, पंखे फिरतायत, बाहेर रातकिडे, आणि समोरून कोणीतरी येईपर्यंत थांबायचं. गणपतीत एवढ्या जादा गाड्या सोडतात की एकीला पुढे काढायला दुसरी थांबते, तिच्यामुळे तिसरी. पूर्वी १२० दिवस आधी रिझर्व्हेशन उघडायचं, आता ६० दिवस, पण उघडल्यावर दोन-तीन मिनिटांत वेटिंग लागतं हे काही बदललं नाही. सकाळी आठला घरातले चार फोन, चार जण आणि एक पीएनआर, असा आमचा दरवर्षीचा कार्यक्रम.

आणि पाऊस. बोटी पावसात बंद असायच्या, गाडी बंद नसते पण तिला पण पावसाळा पाळावा लागतो. वेगळं पावसाळी टाइमटेबल असतं, वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर, २०२५ ला ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं कमी केलं. वेग कमी, वंदे भारतच्या फेऱ्या पण आठवड्यात तीनच, आणि मुसळधार पावसात पुढचं दिसेना झालं तर ताशी ४० च्या वर जायचं नाही. लोक वैतागतात. मी पण वैतागायचे. पण २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली आणि कारवारहून मुंबईला येणारी गाडी त्यावर गेली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला मत्स्यगंधा करंजाडीजवळ घसरली. त्यानंतर जाळ्या लावल्या, डोंगरांचे उतार कापून सौम्य केले, पाऊस मोजायची यंत्रं बसवली, नद्यांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आली. आणि रात्रंदिवस रुळावरून चालणारी माणसं. रेनकोट, हातात दिवा, धो धो पाऊस, एकटा माणूस बोगद्याच्या तोंडाशी उभा. खिडकीतून तो दिवा दिसला की मी मनातल्या मनात नमस्कार करते, प्रत्येक वेळी. दरडी तरी येतातच, जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला माती आली तेव्हा मार्ग साधारण दिवसभर बंद होता, आणि जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात वाशिष्ठीचं पाणी पुलापर्यंत चढल्यावर गाड्या जागच्या जागी थांबवल्या. त्या दिवशी माझा भाऊ गाडीत होता, सोळा तास. गाडी उशिरा आली तरी चालेल, हे आमच्या घरात तेव्हापासून कोणी बोलून दाखवत नाही पण सगळ्यांना माहीत आहे.

स्टेशनवरून जाणाऱ्या मालगाड्यांमध्ये मला सगळ्यात आवडते ती रोरो, सपाट वाघिणींवर ओळीने ट्रक चढवलेले आणि ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये पाय पसरून झोपलेले. २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा अशी ती सुरू झाली. आजीला ती दाखवली होती तेव्हा ती म्हणाली, हा तर मोठा पडावच की. मला वाटतं त्या दिवशी तिचं आणि स्टेशनचं जमलं. नंतर तीच आम्हाला घाई करायची, चला बंदरावर, गाडी यायची वेळ झाली.

स्टेशनवर जायचं तर जयस्तंभावरून मारुती मंदिर, साळवी स्टॉप करत सरळ कुवारबाव. शहर बस आहे, रिक्षा आहेत, पण पहाटेच्या गाडीला कोणीतरी घरचं न्यायला आलेलं असतं, ही आमच्याकडची रीत. मेमध्ये परतीच्या गाडीला तर एका माणसामागे पाच जण सोडायला आणि सात पेट्या हापूस. गाडी सुटली तरी लोक हलत नाहीत, शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत हात वर.

या शनिवारी आत्या येतेय, तिला कोकणकन्येचं तिकीट मिळालंय एकदाचं, खालचा बर्थ. बाबांनी कालच विचारून झालंय, पहाटे बंदरावर कोण जातंय म्हणून. मी जातेय.